फ्लाय फिशिंगचं सामान अंगावर वागवायचं कसं? वेस्ट, स्लिंग की कमरेचा पॅक?

डावखुरा_कोल्हापूरकर

नमस्कार मंडळी. मी डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो, मूळचा कोल्हापूरचा. लहानपणी पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसायचो, पण फ्लाय फिशिंग (गळावर बांधलेल्या नकली माशीने, म्हणजे फ्लायने, मासे धरणं) इथे आल्यावर, दोन वर्षांपूर्वी शिकलो. बहुतेक शनिवारी साउथ प्लॅट नदीवर डेकर्सला जातो. वेळ कमी असला तर क्लिअर क्रीक.

सध्या सगळं सामान ऑफिसच्या जुन्या लॅपटॉप सॅकमध्ये कोंबलेलं असतं. गेल्या शनिवारी मात्र हद्द झाली. दुपारी दीडच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि पाण्यावर ब्लू विंग्ड ऑलिव्ह माश्या उतरायला लागल्या. माझ्यापासून तीस फुटांवर, संथ पट्ट्यात, सात-आठ ट्राउट एका लयीत तोंड वर काढून त्या टिपत होते. माझ्या लीडरला (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) पाण्याखाली बुडणारी निम्फ आणि वजन. वर तरंगणारी ड्राय फ्लाय लावायची तर काठावर जायचं, सॅक खडकावर उतरवायची, मुलीच्या डब्याखालून फ्लायची डबी उपसायची, मग कात्री कुठल्या कप्प्यात गेली ते शोधायचं. सगळं करून परत जागेवर उभा राहिलो तर ऊन पडलेलं आणि पाणी तव्यासारखं सपाट. एकही मासा वर येईना. असं वर्षातून चार-पाच वेळाच बघायला मिळतं, म्हणून फार लागलं मनाला.

माझं सामान असं: फ्लायच्या दोन डब्या, ४ एक्स ते ६ एक्स टिपेटची (लीडरच्या टोकाला जोडायचा धागा; एक्सचा आकडा मोठा तितका बारीक) तीन रिळं, दोन जादा लीडर, कात्री, चिमटा, फ्लाय तरंगती ठेवायचं जेल, वजनाच्या गोळ्या, इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता गोळा), हाताचं जाळं, पाण्याची बाटली, रेनकोट, फोन, लायसन्स. बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत असतात, त्या काठावर बसतात. म्हणून त्यांचा डबा आणि मुलीचं जॅकेटही माझ्याच पाठीवर.

मी डावखुरा आहे. उंची ५ फूट ५ इंच. पाण्यात मांडीपर्यंत उतरतो, क्वचित कमरेपर्यंत. दुकानात वेस्ट (खिशांची बंडी), स्लिंग (एका खांद्यावरची पिशवी) आणि कमरेचा पॅक, तिन्ही घालून पाहिले. रिकामे असताना तिन्ही छानच वाटतात, त्यामुळे तिथून काहीच न घेता परत आलो. तुम्ही काय वापरता आणि का, हे ऐकायचं आहे. एकदाच पैसे घालायचेत.

पेनसिल्व्हेनियाकर_काका

वेस्ट घ्या. मी बावीस वर्षं वेस्टच घालतो आणि दुसरं काही घ्यावंसं वाटलं नाही.

वेस्टची मूळ कल्पना अमेरिकन अँगलर ली वुल्फ यांची मानतात. १९३०च्या दशकात त्यांनी बिनबाह्यांच्या बंडीला स्वतःच खिसे शिवले. त्याआधी लोक टोपली आणि कोटाचे खिसे यांवर भागवत. त्या कल्पनेतली खुबी मला इथे पेन्स क्रीकवर कळली. मे महिन्याच्या अखेरीस इथे ग्रीन ड्रेक नावाची मोठी माशी निघते, ती नेमकी दिवेलागणीला. अंधार पडत असतो, मासे वेड्यासारखे खात असतात आणि हेडलॅम्प लावला तर पाणी बिथरतं. तेव्हा हाताला कळावं लागतं की डावीकडे वर टिपेट, खाली ड्राय फ्लायची डबी, उजवीकडे वर कात्री, खाली चिमटा. माझी वस्तू एकदा ज्या खिशात गेली ती बावीस वर्षं त्याच खिशात आहे. पिशवीत वस्तू एकावर एक पडतात. वेस्टमध्ये प्रत्येकीला आपली खोली असते.

वजन दोन्ही खांद्यांवर सारखं वाटलं जातं. खोल पाण्यात उतरणार असाल तर आखूड वेस्ट मिळते, छातीपाशी संपणारी, ती घ्या. जुलैत उकडतं हे खरं, त्यासाठी जाळीच्या कापडाची घ्यावी. आणि वीस खिसे आहेत म्हणून वीसही भरायचे नसतात, एवढं पथ्य पाळा.

नदीवेडी_सांगली

तुमचा प्रश्न वाचला आणि उठून गॅरेजमध्ये गेले. तिथे खुंट्यांना चार गोष्टी टांगलेल्या आहेत: वेस्ट, स्लिंग, छातीचा पॅक आणि कमरेचा पॅक. चारही स्वतः पैसे मोजून घेतल्या आणि चारही झिजवल्या. मी लिटलटनला राहते, वय सत्तावन्न, सतरा वर्षं साउथ प्लॅटवर जाते. म्हणजे तुमचंच पाणी. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पिशवी ठरवू नका, आधी सामान मांडा. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरी आल्यावर मी वेस्टचे सगळे खिसे जेवणाच्या टेबलावर रिकामे केले आणि दोन ढीग लावले. पाण्यात उभी असताना, दोरी हातात असताना ज्याला त्या दिवशी हात लावला, ते डावीकडे. काठावर बसल्यावर लागलं किंवा लागलंच नाही, ते उजवीकडे. डावीकडे आलं एवढंच: फ्लायची एक डबी, टिपेटची दोन रिळं, कात्री, चिमटा, जेल, वजनाच्या गोळ्या आणि जवळचा चष्मा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ४१० ग्रॅम भरलं. उजवीकडचा ढीग पावणेचार किलो! पाच डब्या होत्या त्यात. एकीत समुद्रातल्या माशांसाठीच्या फ्लाय होत्या, कोलोराडोत समुद्र नाही तरी. ते सगळं मी कित्येक वर्षं मानेवर घेऊन पाण्यात उभी राहत होते.

त्या दिवसापासून माझं एकच ठरलं आहे. पाण्यात लागणारं पुढे, न बघता हात पोचेल तिथे. बाकीचं मागे किंवा काठावर. पुढे जितकं कमी तितकं बरं. वेस्ट असो, स्लिंग असो, हे ज्यात जमेल ती तुमची पिशवी. काकांच्या वेस्टमध्ये त्यांना हेच जमलं आहे. माझ्याकडून खिसे रिकामे ठेवणं झालं नाही, म्हणून मी वेस्ट सोडली.

आता एकेकीचं सांगते.

स्लिंग सोयीची खरीच. पाठीवर असते, पट्टा ओढला की फिरून पोटापुढे येते, काम झालं की परत मागे. तरुण मुलं आवडीने वापरतात. माझ्या बाबतीत मात्र दोन वर्षांत मानेची डावी बाजू दगडासारखी व्हायला लागली, कारण सगळा भार एकाच खांद्यावर. फिजिओथेरपीला गेले. तिथल्या बाईंनी आठवडाभर स्लिंग घरी ठेवायला सांगितली. आठवडाभरात मान सुटली, मग मी ती परत घेतलीच नाही. तुम्ही डावखुरे आहात, तर आणखी एक बघा. ज्या हाताने कास्ट करता, म्हणजे दोरी फेकता, तो खांदा मोकळा हवा, म्हणजे तुमचा पट्टा उजव्या खांद्यावर यायला हवा. बऱ्याच स्लिंग उजव्या हाताच्या माणसासाठीच शिवलेल्या असतात. उलट्या घातल्या की चेन खालच्या बाजूला येते आणि उघडली की सामान पाण्यात. दोन्ही बाजूंनी घालता येतील अशाही मिळतात, पण दुकानात आरशासमोर फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

छातीच्या पॅकचा एक गुण मला अजून आवडतो. त्याचं पुढचं झाकण आडवं उघडतं आणि छातीसमोर छोटं टेबल तयार होतं. हातातून फ्लाय निसटली तर ती त्यावर पडते, पाण्यात जात नाही. पण तेच टेबल पायांच्या आड येतं. चीझमन कॅन्यनमध्ये तुम्ही गेला असालच. गिल ट्रेलवर ग्रॅनाइटचा भुगा असतो, ज्वारीच्या दाण्यांवरून चालल्यासारखा पाय घसरतो, आणि नदीत खोलीएवढाले धोंडे. तिथे पाऊल कुठे पडतंय ते दिसलंच पाहिजे. एकदा उतरताना मला समोरची पायरी दिसली नाही. गुडघा फुटला आणि रॉडचं टोक मोडलं. सपाट नदी असेल तर छातीचा पॅक घ्या, कॅन्यनसाठी नको.

कमरेचा पॅक मी आजही वापरते, आणि सगळ्यात मोठा धडाही त्यानेच दिला. डेकर्सच्या पुलाच्या खाली एका धोंड्यामागे पाणी गुडघाभर दिसतं. मी पाऊल टाकलं आणि बरगड्यांपर्यंत गेले. वेडर्सचा (छातीपर्यंतची पाणीबंद विजार) पट्टा घट्ट होता म्हणून आत पाणी फारसं शिरलं नाही, पण पॅक पूर्ण बुडाला. त्यात गाडीची किल्ली होती, इलेक्ट्रॉनिक. ती गेली. फोनला तिथे रेंज नसते. दोन तास रस्त्यावर उभी राहिले, मग एका जोडप्याने गावापर्यंत सोडलं. घरी दमून झोपले, डब्या तशाच बंद राहिल्या. तिसऱ्या दिवशी उघडल्या तर कुबट वास आला, आणि एका डबीतल्या साठेक फ्लायच्या गळांना तांबूस गंज. त्यातल्या निम्म्या माझ्या हाताने बांधलेल्या, एका अख्ख्या हिवाळ्याचं काम. म्हणून हात जोडून सांगते: पॅक बुडो न बुडो, रात्री घरी आल्यावर डब्या उघड्या करून ठेवत जा. आणि किल्ली पिशवीत नको. चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून वेडर्सच्या आतल्या खिशात.

सध्या माझं हे असं आहे. गळ्यात लॅनयार्ड, म्हणजे जाडसर दोरी, तिला क्रमाने कात्री, चिमटा, जेलची बाटली उलटी टांगलेली, आणि दोन टिपेट: ५ एक्स डावीकडे, ६ एक्स उजवीकडे. दोरीचं खालचं टोक एका क्लिपने वेडर्सला अडकवलेलं, नाहीतर वाकलं की सगळं लोंबतं. कमरेला पाच लिटरचा पॅक, पाठीमागे. त्यात डबी, गोळ्या, लीडर, रेनकोट आणि गाळणीची बाटली. पाणी इथे न्यायलाच हवं. २००२ च्या हेमन वणव्यात या भागातलं १ लाख ३७ हजार एकरांहून जास्त रान जळलं, आणि कित्येक उतारांवर अजून सावलीला झाड नाही.

जानेवारीत फ्लाय बदलताना हे कसं चालतं ते सांगते, म्हणजे कल्पना येईल. रॉड उजव्या काखेत दाबायचा, रील पोटाशी. पॅक फिरवून पुढे घ्यायचा, डबी उघडून एक मिज, म्हणजे चिलटासारखी इवली फ्लाय, काढायची. २२ नंबरची मिज म्हणजे तांदळाची कणी. ती दाताखाली नाही धरायची, गळ ओठात गेलेले लोक मी पाहिलेत. लॅनयार्डवर बोटभर फोमचा तुकडा ओवलेला आहे, त्यात टोचून ठेवायची. डबी बंद, पॅक मागे, आणि मग मोकळ्या दोन हातांनी गाठ. गाठीवर थुंकी लावायची, ओढायची, शेपूट कात्रीने कापायचं. कात्री कुठे आहे हे बघावं लागत नाही, अंगठा खाली सरकवला की सापडते. बोटं बधिर असतात तेव्हा हे फार मोलाचं असतं. चष्माही त्याच दोरीत. पन्नाशीनंतर त्याच्याशिवाय २२ नंबरच्या डोळ्यातून टिपेट जात नाही.

लॅनयार्डचा एक तोटा मात्र लिहून ठेवते. रिळं दिवसभर उन्हात राहतात आणि नायलॉनचं टिपेट उन्हाने कच्चं होतं. आपल्याकडे उंचीमुळे ऊन आणखी कडक. मी दर मार्चमध्ये, नव्या लायसन्सबरोबर, रिळं बदलते. फ्लुओरोकार्बन जास्त टिकतं.

डावखुरा_कोल्हापूरकर

ताई, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. काल रात्रीच ओट्यावर दोन ढीग लावले. पाण्यात लागणारं ३८० ग्रॅम, बाकी डब्यासकट साडेचार किलो! बायको म्हणाली, डबा आणि जॅकेट काठावरच लागतात, मग ते तुझ्या पाठीवर नदीत कशाला जातात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीन शंका आहेत. एक, माझी उंची कमी, तर कमरेचा पॅक लवकर बुडेल का? दोन, जाळं कुठे अडकवायचं? तीन, वडील जुलैत येतायत. त्यांनाही एखादा दिवस नदीवर न्यायचंय, त्यांना पेसमेकर आहे. त्यांच्यासाठी काही वेगळं बघावं का?

तीर्थनचा_पाहुणा

मी पुण्याचा, वर्षातून एकदा हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जातो. गुशैनी आणि नागिणीच्या आसपास ब्राउन ट्राउट. हिमाचलमध्ये ट्राउट १९०९च्या सुमाराला आणले गेले, तेव्हापासून ते नद्यांमध्ये रुळले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, म्हणून मी मार्चअखेर जातो. मत्स्य विभागाचं लायसन्स काढावं लागतं.

माझा अनुभव तुमच्या उलट बाजूचा आहे. तिथे पाण्यात फार उतरताच येत नाही. बर्फाचं पाणी, जोर भयंकर. दिवसभर काठच्या धोंड्यांवरून उड्या मारत जायचं. दोन्ही हात टेकून चढावं लागतं. तिथे कमरेचा पॅक मागून खडकाला घासतो आणि बसायला गेलं की टोचतो. मी पाठीला चिकटून बसणारी लहान सॅक वापरतो, दोन्ही खांद्यांचे पट्टे आणि छातीवर आडवी क्लिप, आणि शर्टाच्या दोन खिशांत एक डबी आणि एक रीळ. गावातला जो मुलगा माझ्याबरोबर येतो, तो तर एका चपट्या टिनच्या डबीवर दिवस काढतो. त्याला बघून माझ्या डब्या चारवरून एक झाल्या.

सांगायचं एवढंच की क्लिअर क्रीकला जाल तेव्हा हेच लागू होईल. तीही अरुंद, उताराची, धोंड्यांची नदी आहे असं ऐकून आहे. दोन नद्यांना एकच पिशवी पुरेल असं नाही.

दक्षिण_बेटावरून

न्यूझीलंडमधून एक मुद्दा, कोणी काढला नाही म्हणून.

पिशवी घेताना ती वाळते किती लवकर हे बघा. इथे २००४ मध्ये दक्षिण बेटाच्या नद्यांमध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते ओल्या वस्तूंवरून एका नदीतून दुसरीत जातं. त्यामुळे २००८ मध्ये नमद्याच्या तळव्याच्या बुटांवर इथे बंदी आली, ते पाणी फार धरून ठेवतात. नियम असा की नदी बदलताना सामान तपासायचं, धुवायचं आणि हाताला कोरडं लागल्यावर वर किमान ४८ तास वाळू द्यायचं. जाड फोमचे पट्टे आणि दुहेरी कापडाचे खिसे दोन दिवसांतही आतून ओले राहतात. मी त्यामुळेच जुनी वेस्ट सोडली आणि गुळगुळीत कापडाचा, पाणी न शोषणारा पॅक घेतला.

आणि इथे दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालून दोन-तीन मासे डोळ्यांनी शोधायचे असतात. चालताना जे जड वाटतं ते तिसऱ्या तासाला आपोआप घरी ठेवलं जातं.

नदीवेडी_सांगली

तुमच्या बायकोचं उत्तर माझ्या चार पिशव्यांपेक्षा चांगलं आहे. लॅपटॉप सॅक काठावर तिच्यापाशी राहू दे. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

उंचीचं. मी ५ फूट २ इंच आहे, तुमच्याहून बुटकी. कमरेचा पॅक घ्या, पण पट्टा कमरेच्या हाडावर न ठेवता बरगड्यांच्या खाली, उंच बांधा. आधाराला खांद्यावरून जाणारा एक बारीक पट्टा येतो, तो वापरा, नाहीतर भार वाढला की पॅक हळूहळू खाली उतरतो. मांडीपर्यंत पाणी असेल तर काही होत नाही. कमरेपर्यंत जायची वेळ आली तर पॅक सरळ गळ्यात घ्यावा, तेवढ्यापुरता. पूर्ण पाणीबंद पॅक मिळतात, पण त्यांची चेन कडक असते. गार बोटांनी उघडायला मला दोन्ही हात लागतात, म्हणून मी घेतला नाही. त्याऐवजी डब्याच रबरी कडेच्या घेतल्या.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. पॅकचा पट्टा म्हणजे वेडर्सचा पट्टा नव्हे. वेडर्सचा स्वतंत्र, घट्ट, पॅकच्या आत बांधलेलाच पाहिजे. पडलात तर तोच पाणी आत शिरायला वेळ लावतो. आणि पॅकची क्लिप पुढे, एका हाताने सुटेल अशी. घरी डोळे मिटून तीनदा सोडून बघा. प्रवाहात पॅक कशात अडकला तर तो सोडून द्यायचा, सामान पुन्हा घेता येतं.

जाळं पाठीवर, मानेच्या खालच्या कडीला, चुंबकाच्या क्लिपने. मागे हात नेऊन ओढलं की सुटतं, परत नेलं की आपोआप चिकटतं. आधी माझ्याकडे लवचीक दोरीचं होतं. विलोच्या झुडपातून जाताना जाळं फांदीत अडकलं, मला कळलंच नाही, मी चालत राहिले. दोरी ताणत गेली आणि फांदी सुटली तेव्हा लाकडी चौकट डोक्याच्या मागे येऊन बसली. टाके पडले नाहीत, पण दोन दिवस उशीवर डोकं टेकवता आलं नाही. कमरेच्या पॅकला मागे जाळं खोचायची पट्टी असते, तीही चालेल. तुम्ही डावखुरे, म्हणजे मासा येतो तेव्हा रॉड डाव्या हातात आणि जाळं उजव्या. तेव्हा मूठ उजव्या बाजूला येईल असं खोचा.

तुमच्या बाबांसाठी मात्र ही चुंबकाची क्लिप नको. जोरदार चुंबक पेसमेकरपासून निदान सहा इंच लांब ठेवायला सांगतात, आणि लॅनयार्डवरच्या काही चिमट्यांना, क्लिपांनाही चुंबक असतो, तो नेमका छातीवर येतो. त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. त्यांना काहीच वागवू देऊ नका खरं तर. शर्टाच्या खिशात एक छोटी डबी, चार फ्लाय, बस. बाकीचं तुम्ही बाजूला उभे राहून द्या. माझे आजोबा कृष्णेवर जायचे तेव्हा ते फक्त काठी धरत आणि आमिषाचा डबा माझ्या हातात असे. ते हात मागे करायचे आणि मी डबा पुढे करायचे. मला ती कामगिरी फार मोठी वाटायची. तुमच्या मुलीलाही वाटेल.

तीर्थनच्या पाहुण्यांचं क्लिअर क्रीकबद्दल बरोबर आहे. तिथे मी पॅक घेतच नाही. लॅनयार्ड आणि वेडर्सच्या छातीच्या खिशात एक डबी.

डावखुरा_कोल्हापूरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. साडेचार लिटरचा कमरेचा पॅक घेतला, गुळगुळीत कापडाचा. लॅनयार्ड घरीच केलं. गिर्यारोहणाची बारीक दोरी होती, तिला गाठी मारून कप्पे पाडले आणि बाटलीच्या बुचाचा तुकडा ओवला, फ्लाय टोचायला. वजनाच्या गोळ्या आधी पॅकमध्ये ठेवल्या होत्या. पहिल्याच दिवशी चार वेळा पॅक फिरवावा लागला, म्हणून त्या लॅनयार्डवर आणल्या. त्याच दिवशी ४ एक्सचं रीळ एकदाही लागलं नाही, ते काढून टाकलं. पेनसिल्व्हेनियाच्या काकांचं ऐकून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली आणि सोफ्यावर बसून, डोळे मिटून, हात लावून बघितलं.

काल परत डेकर्सला पाण्याचा तोच पट्टा, पण आभाळ निरभ्र होतं. चार वाजेपर्यंत निम्फच चालली. मग पश्चिमेकडून ढग आले आणि दहा मिनिटांत दोन मासे वर आले. जागचा हललो नाही. रॉड काखेत, पॅक पुढे, ऑलिव्ह काढून बुचात टोचली, पॅक मागे, इंडिकेटर आणि वजन काढलं, ६ एक्सचा हातभर तुकडा जोडला, गाठ. मुलगी काठावरून मोठ्याने आकडे मोजत होती, दोनशे चाळीसवर माझी गाठ झाली. मासे अजून खात होते. तिसऱ्या कास्टला एक ब्राउन लागला, वीतभरापेक्षा थोडा मोठा. जाळं उजव्या बाजूने बरोबर हाताला आलं. पाण्यातच चिमट्याने गळ काढला आणि सोडला.

ताई, रात्री डब्या उघड्या ठेवायचं काम मुलीने मागून घेतलं आहे. ओट्यावर वर्तमानपत्र पसरते, डब्या मांडते आणि कुठली फ्लाय ओली आहे ते मला येऊन सांगते. आजोबा आले की नदीवर त्यांची डबी तीच धरणार आहे, हेही तिने आत्ताच ठरवून टाकलं आहे.